बॉनेटमधून केबिनमध्ये आलेली तार: वऱ्हाडातील फिरत्या आवाजाचा इतिहास

डिसेंबर १८९७. अमरावतीत राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष सर सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्यांच्याविषयी मंडपात जे भाषण केले, त्याची चर्चा पुढे कित्येक वर्षे होत राहिली. हे सगळे पाठ्यपुस्तकांत येते. मंडपाच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसाला त्यातले नेमके किती ऐकू आले असेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

त्या मंडपात ध्वनिक्षेपक नव्हता. तो जगातच नव्हता. वक्त्याची छाती, गळा आणि श्रोत्यांची शांतता एवढ्यावरच सभा चाले. आज त्याच अमरावतीच्या राजकमल चौकातून मिरवणुकीची पिकअप जाते, तेव्हा दुकानांच्या काचा थरथरतात. या दोन दृश्यांच्या मध्ये काय घडले, ते एका तारेच्या प्रवासातून समजून घेता येते. बॉनेटखालच्या बॅटरीपासून निघून, इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा भेदून, ड्रायव्हरच्या पायाजवळून ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचणारी ही तार. आजचा धागा तिचाच आहे.

सुरुवात दवंडीपासून करावी लागते. वऱ्हाडातील गावात सरकारी किंवा गावकीची बातमी पोहोचवायची, तर कोतवाल डफडे वाजवत वेशीपासून चावडीपर्यंत फिरे. सारा भरण्याची मुदत असो, देवीच्या लसीचा डॉक्टर येणार असो वा बाजाराचा दिवस बदललेला असो, सगळे याच मार्गाने कळे. दवंडीचे तंत्र साधे पण हुशारीचे होते. आधी वाद्याचा ठोका, मग क्षणभर शांतता, मग शब्द. ठोका कान उघडण्यासाठी आणि शब्द बातमीसाठी. ठोका व शब्द यांचे हे नाते लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा येणार आहे.

सभा मोठ्या होऊ लागल्या तेव्हा दवंडीचे तंत्र अपुरे पडले. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधीच चौदा हजारांहून अधिक होते. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला. एवढ्या जनसमुदायात वक्त्याचे वाक्य पुढच्या माणसांनी मागच्यांना सांगायचे, मागच्यांनी आणखी मागे, अशी माणसांची साखळी हाच त्या काळचा ध्वनिक्षेपक. साखळीत वाक्य बदलत जाई. गांधींच्या नावावर खपलेल्या अनेक चमत्कारिक अफवांच्या मुळाशी ही साखळीसुद्धा असणार.

तिकडे अमेरिकेत मात्र प्रश्न सुटत आला होता. कॅलिफोर्नियातील नापा गावी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ मध्ये विजेवर चालणारा कर्णा तयार केला आणि त्याला ‘मॅग्नाव्हॉक्स’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मोठा आवाज’. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन दिएगोच्या मैदानात राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याच यंत्रातून सुमारे पन्नास हजार लोकांशी बोलले. नागपूर अधिवेशनाच्या सव्वा वर्ष आधीची ही गोष्ट. समुद्र ओलांडून यायला यंत्राला आणखी दशक लागले.

भारतीय राजकारणात हे यंत्र ज्यांच्यामुळे रुळले ते मोटवाने कुटुंब. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे विद्युत साहित्याचा व्यवसाय सुरू केला. तो पुढे कराचीला आणि मग मुंबईला आला. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांनी गांधींना एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जात लोकांपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी धडपडताना पाहिले, असे सांगितले जाते. १९३१ च्या कराची अधिवेशनात मोटवाने यांनी ध्वनिक्षेपकांची व्यवस्था केली. स्वातंत्र्यलढ्याच्या कितीतरी छायाचित्रांत नेत्यापुढच्या मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे दिसतात. ते याच कंपनीचे नाव. अमेरिकेतल्या शिकागोशी त्या अक्षरांचा संबंध केवळ व्यापारापुरता.

नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधींचा हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू झाला आणि त्या महिन्यात अमरावती-अकोल्याचा मुलूखही त्यांनी पालथा घातला. एका दिवसात चार-पाच गावे, प्रत्येक ठिकाणी सभा, मध्ये मोटारीचा प्रवास. सभा आता एका जागी थांबणारी राहिली नव्हती. ती चाकांवर आली होती. माणूस मोटारीने फिरू लागला, तर त्याचा आवाजही मोटारीतूनच फिरायला हवा. पण इथे एक जबर अडचण होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला दोन प्रकारची वीज लागे. व्हॉल्व्हच्या आतला तंतू तापवण्यासाठी थोड्या व्होल्टची, आणि प्रत्यक्ष आवाज वाढवण्याच्या कामासाठी अडीचशे-तीनशे किंवा त्याहून अधिक व्होल्टची. मोटारीची बॅटरी तेव्हा ६ व्होल्टची असे. तंतूचे काम तिने सहज भागे. किंबहुना पुढे जगभर रूढ झालेला ६.३ व्होल्टचा तंतू हा मोटारीच्या बॅटरीचाच वारसा आहे. शिसे-आम्लाच्या एका घराचे सुमारे २.१ व्होल्ट आणि अशी तीन घरे, म्हणजे ६.३. नंतर घरात ठेवायच्या, विजेच्या खांबावरून चालणाऱ्या रेडिओतही हाच आकडा टिकून राहिला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे अवशेष ठिकठिकाणी सापडतात.

तीनशे व्होल्टचे मात्र काय करायचे? त्या काळी दोन उपाय होते. पहिला, एकाच दांड्यावर बसवलेली मोटर आणि डायनामो: बॅटरीवर मोटर फिरे, तिच्यासोबत डायनामो फिरे आणि तो उच्च दाबाची वीज देई. दुसरा उपाय ‘व्हायब्रेटर’. त्यात एक पोलादी जीभ सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा थरथरून बॅटरीचा सरळ प्रवाह तोडत-जोडत राही. तुटक झालेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन त्याचा दाब वाढवला जाई. ती जीभ सतत गुणगुणत असे, तिचे स्पर्शबिंदू जळत आणि चालू सभेत ती अडकली तर वक्ता एकदम मुका होई. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन बंधूंनी ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीतला रेडिओ बाजारात आणला. मोटारीतल्या रेडिओंच्या त्या पिढीलाही याच कटकटी सोसाव्या लागल्या.

आता तारेकडे वळू. समजा ॲम्प्लिफायर एकंदर १२० वॅट वीज ओढतो. ६ व्होल्टवर त्यासाठी २० अँपिअरचा प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर १० अँपिअर पुरतो. तारेत उष्णता म्हणून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की नासाडी चौपट. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीत जाड तार वापरावी लागे, बॅटरी जवळ ठेवावी लागे, आणि तरीही इंजिन बंद करून तासभर भाषण केले की गाडी ढकलून सुरू करायची वेळ येई. सभेनंतर पुढाऱ्याची मोटार ढकलणारे कार्यकर्ते हे त्या काळातले नेहमीचे चित्र. त्यामागे कार्यकर्त्यांच्या भक्तीइतकाच ओहमचा नियमही होता.

दुसऱ्या महायुद्धात सरकारी प्रचाराच्या मोटारी खेड्यांकडे आल्या. ‘नॅशनल वॉर फ्रंट’च्या नावाने ब्रिटिश सरकारने देशभर प्रचाराची मोहीम चालवली आणि तीत ध्वनिक्षेपक व चित्रपट दाखवणारी वाहने होती. स्वातंत्र्यानंतर तेच तंत्र नव्या सरकारने उचलले. पंचवार्षिक योजनांच्या प्रसिद्धीसाठी १९५३ मध्ये केंद्राने क्षेत्रीय प्रचाराची यंत्रणा उभी केली. सरकार बदलले, गाडी तीच राहिली. ‘युद्धाला मदत करा’ असे सांगणारा कर्णा ‘जपानी पद्धतीने भातलागवड करा’ असे सांगू लागला. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेल्या गाड्याही याच मालिकेत आल्या.

युद्धाने आणखी एक गोष्ट मागे ठेवली: जीप. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर ज्या वाटांवर मोटार रुतून बसे, तिथे जीप जाई. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून जीप हे प्रचाराचे वाहन ठरले ते उगीच नाही. डॉ. पंजाबराव देशमुख पहिल्या लोकसभेत अमरावती भागातूनच निवडून गेले आणि देशाचे कृषिमंत्री झाले. त्या पिढीच्या राजकारणाला खेड्यातल्या प्रत्येक पाराशी थेट बोलायचे होते. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापनाच मुळी जून १९६० मधली, आणि त्यानंतरही गावोगाव खांब पोहोचायला बरीच वर्षे गेली. वीज नसलेल्या गावात विजेवर चालणारा पहिला आवाज अनेकदा जीपच्या बॅटरीतूनच आला. वऱ्हाडच्या खेड्यातल्या विद्युतीकरणाचा इतिहास लिहिताना हे पान सहसा निसटते.

जीपची मांडणी ठरलेली असे. टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून आणि एक मागे, सुतळीने किंवा पट्ट्यांनी आवळलेले. ॲम्प्लिफायर पुढच्या दोन आसनांच्या मध्ये किंवा बोलणाऱ्याच्या मांडीवर. बोलणारा ड्रायव्हरच्या शेजारी, हातात माइक. बॅटरीची तार केबिनमध्ये आणायची तर स्टिअरिंगचा दांडा किंवा स्पीडोमीटरची केबल जिथून आत येते त्याच भोकातून ती सारली जाई. काही जण बॉनेटच्या फटीतून काढून सरळ दारातून आत घेत. गाडी भाड्याची, प्रचार पंधरा दिवसांचा. नवे भोक पाडून मालकाची नाराजी कोण ओढवून घेणार?

या घाईत दोन चुका होत आणि त्या आजही होतात. पहिली म्हणजे पत्र्याच्या भोकाला रबरी बुश न लावणे. गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार तारेच्या वेष्टनात हळूहळू उतरते. गाडीचा सगळा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. वेष्टन कापले गेले की तांबे थेट सांगाड्याला टेकते. दुसरी चूक, बॅटरीजवळ फ्यूज न लावणे. ॲम्प्लिफायरमध्ये फ्यूज असतोच, मग आणखी कशाला, असा समज. पण ॲम्प्लिफायरमधला फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो. बॅटरी ते ॲम्प्लिफायर या अंतरात तार टेकली तर त्या फ्यूजला पत्ताही लागत नाही. शिसे-आम्लाची साधी बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडू शकते. तार काही क्षणांत लाल होते आणि ती डॅशबोर्डखाली, गालिच्याला व प्लास्टिकला चिकटून असते. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात हवा, ही शिस्त तारेसाठी आहे. ॲम्प्लिफायरसाठी ती नाही, हे गॅरेजमधल्या जाणत्या इलेक्ट्रिशियनला न शिकताही ठाऊक असे.

१९६० च्या दशकात दोन बदल एकामागून एक आले आणि चित्र पालटले. मोटारी १२ व्होल्टच्या झाल्या; डायनामोच्या जागी अल्टरनेटर येऊ लागला, जो इंजिन मंद चालू असतानाही बॅटरी भरू शकतो. आणि व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टरला तीनशे व्होल्ट नकोत. तो बारा व्होल्टवर थेट काम करतो. थरथरणारी जीभ आणि फिरणारा डायनामो दोन्ही इतिहासजमा झाले. दिल्लीच्या अहुजा कंपनीचे ॲम्प्लिफायर याच काळात आणि पुढे गावोगावच्या मंडपवाल्यांकडे पोहोचले. ‘अहुजा’ हे नाव वऱ्हाडातही भोंग्याचे जवळपास सामान्यनाम झाले. त्यांच्या मागच्या बाजूला घरगुती विजेच्या वायरशेजारीच १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी वेगळी जोडणी असते, एक लाल आणि एक काळी. एकच यंत्र देवळाच्या ओट्यावर खांबाच्या विजेवर आणि जीपमध्ये बॅटरीवर चालावे, अशी ती सोय. भारतीय खेड्याच्या गरजेतून घडलेली ही रचना आहे आणि तिचे श्रेय फारसे कोणी देत नाही.

कायदाही याच सुमारास वऱ्हाडात बदलला. १९५६ पर्यंत वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्यानंतर मुंबई पोलीस अधिनियम १९५१ इथेही लागू झाला. त्याच्या कलम ३३ ने ध्वनिक्षेपकाला परवाना घालून देण्याचा अधिकार पोलिसांना दिला. ठाण्यातून परवाना आणणे हा तेव्हापासून गावच्या गणेशोत्सवाचा एक विधीच झाला.

साठ ते ऐंशीच्या दशकांत वऱ्हाडच्या रस्त्यावर शब्दांचे राज्य होते. बहिरमच्या यात्रेत टुरिंग टॉकीज आणि तमाशाचे फड लागत. आज कोणता खेळ, कोणती नटी, हे गाडीवरून पुकारले जाई. कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांच्या, बियाणे कंपन्यांच्या गाड्या फिरत. मग बजाज टेम्पोची मेटॅडोर आली. विदर्भात ‘मेटॅडोर’ हा शब्द असा रुळला की कोणत्याही छोट्या मालगाडीला लोक तेच म्हणू लागले. कॅसेट आली आणि माइकवर बसून बोलणाऱ्याचा घसा मोकळा झाला. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, वामनदादा कर्डकांच्या रचना कॅसेटमधून गावात पोहोचल्या. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मेटॅडोरवरचे भोंगे ही त्या काळात केवळ करमणूक नव्हती. ज्या रस्त्यांवरून आवाज उंचावून चालण्याचीही ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मुभा नव्हती, त्यांचा आवाज आता त्याच रस्त्यांवरून जात होता. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, हे लक्षात घेतले की भोंग्यांच्या त्या मिरवणुकीचे वजन कळते. ध्वनिप्रदूषणाची चर्चा करताना हा संदर्भ विसरणे अन्यायाचे होईल.

भोंग्याचे एक वैशिष्ट्य इथे सांगितले पाहिजे. भोंगा फार काटकसरी असतो. कर्ण्याच्या आकारामुळे तो थोड्या विजेतून मोठा आवाज काढतो, आणि तोही माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत. एका वॅटला एक मीटरवर शंभर डेसिबलच्या पुढे जाणारे भोंगे सर्वसामान्य आहेत. म्हणून तीस-चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे अख्ख्या गावाला पुरत. पण भोंग्याला खर्ज नसतो. ढोलाचा घुमारा, ज्याने छाती हलते, तो त्यातून निघत नाही. खर्जासाठी हवा मोठ्या प्रमाणावर ढकलावी लागते. मोठे कागदी शंकू, मोठ्या पेट्या आणि वीजच वीज.

नव्वदीनंतर मिरवणुकीने शब्दाऐवजी खर्ज मागायला सुरुवात केली. नागपूर आणि छत्तीसगडच्या पट्ट्यात ‘धुमाल’ रुजला होता: ढोल-ताशांच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, सगळे गाडीवर. वऱ्हाडात ‘संदल’ हा शब्द उरुसाच्या मिरवणुकीपुरता न राहता तिच्यासोबतच्या वादकांच्या ताफ्यालाही लागला आणि लग्नांच्या, गणपतीच्या, जयंतीच्या मिरवणुकीत संदल सांगण्याची रीत पडली. कोणत्याही धर्माच्या मिरवणुकीत दुसऱ्या परंपरेतून आलेला शब्द आणि ताफा असणे, ही वऱ्हाडची जुनी सवय. त्याच्या मागोमाग ‘डीजे’ आला. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. महिंद्राच्या पिकअप गावोगाव दिसू लागल्या. हमालीसाठी घेतलेली गाडी लग्नसराईत साउंडसाठी भाड्याने देता येते, हे गणित बेरोजगार तरुणांना लगेच उमगले.

आणि इथे बॅटरीची तार हरली. कारण समजायला थोडा हिशेब करावा लागेल. आधुनिक, काटकसरी ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायरमधून १,००० वॅट काढायचे तर तो सुमारे १,१७५ वॅट ओढतो. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ व्होल्ट असतात, म्हणजे प्रवाह ८५ अँपिअर. बॉनेटपासून केबिनमागच्या हौद्यापर्यंत पाच मीटर, परतीचे पाच, एकूण दहा मीटर तांबे. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली, जी घरात गीझरला लागते, तर वाटेतच पावणेचार व्होल्ट गळतात आणि तीनशे वॅटहून अधिक उष्णता त्या तारेत निर्माण होते. तार म्हणजे शेगडीच. २५ चौरस मिलिमीटरची जाड केबल घेतली तर गळती सहा दशांश व्होल्टवर येते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या रंगाने विकली जाते. तिचा रोध सुमारे दीडपट. आणि हे सगळे केवळ १,००० वॅटसाठी. मिरवणुकीतल्या ताफ्याला त्याच्या कित्येक पट हवे असतात, तर गाडीचा अल्टरनेटर हेडलाइटसकट सगळे मिळून शंभर अँपिअरच्या आसपास दमतो.

तेच १,१७५ वॅट २३० व्होल्टवर नेले तर प्रवाह जेमतेम पाच अँपिअर. त्याच गीझरच्या तारेत एक वॅटच्या आसपास नासाडी. म्हणून मिरवणुकीच्या गाडीमागे जनरेटर आला, कधी त्याच हौद्यात, कधी मागच्या दुसऱ्या गाडीवर. केबिनमधली बॅटरीची तार आता फक्त मिक्सरचा दिवा, मोबाईलचा चार्जर आणि ड्रायव्हरचा स्वतःचा टेप यांच्यापुरती उरली. गाडीचे इंजिन आवाजाच्या सेवेतून मुक्त झाले. पण त्याबरोबर एक नैसर्गिक मर्यादाही गेली. बॅटरीवरचा आवाज बॅटरीएवढाच मोठा होऊ शकत होता. जनरेटरला अशी मर्यादा नाही. डिझेल आणि भाड्याची थैली हीच त्याची सीमा.

मर्यादा गेल्यावर चढाओढ सुरू झाली. इथे माणसाच्या कानाचा एक स्वभाव ऑपरेटरच्या विरुद्ध जातो. वीज दुप्पट केली तर आवाजात फक्त तीन डेसिबलची भर पडते आणि ती जेमतेम जाणवते. आवाज ‘दुप्पट’ वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दहापट वीज लागते. शेजारच्या मंडळाहून दुप्पट मोठे वाटायचे तर दहापट यंत्रणा हवी. कर्ज काढून घेतलेल्या पेट्या पुढच्या हंगामात अपुऱ्या ठरतात त्या यामुळे. कानाचे नुकसान मात्र या सवलतीने होत नाही. ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहणे ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा, आणि प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. त्या पेट्यांपासून हातभर अंतरावर, केबिनमध्ये, ड्रायव्हर रात्रभर बसलेला असतो. त्याच्या कानांची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

कायद्याने पकड घट्ट केली ती याच वर्षांत. १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण नियम आले: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. २००२ च्या दुरुस्तीने वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंतची सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आपला आवाज ऐकण्याची सक्ती दुसऱ्यावर करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्याचे सार. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये, ऐन गणेशोत्सवात, डीजेबंदीला अंतरिम स्थगिती देण्यास नकार दिला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. साउंडसाठी हौदा रुंद करणारी, पेट्यांसाठी लोखंडी चौकट वेल्डिंग करून उभी करणारी पिकअप आता दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडते.

या सगळ्याचा ताण सर्वांत स्पष्ट दिसतो तो अकोल्यात, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी. राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी गांधीग्रामच्या पूर्णा नदीतून पाणी आणण्याची कावड-पालखीची परंपरा १९४४ पासूनची सांगितली जाते. सोळा-अठरा किलोमीटरची वाट, अनवाणी तरुण, आणि खांद्यावर पितळी भरणे. एकेका मंडळाच्या कावडीला शेकडो भरणे लागतात. पुढे-मागे शेकडो खांदे लागतात. ही शारीरिक कष्टाची, तालाची परंपरा आहे. खांद्यावरचे वजन सर्वांनी एका लयीत उचलायचे तर ठोका हवाच, आणि तो ठोका पूर्वी ढोल-ताशाचा असे. त्याच वाटेवर नंतर साउंडच्या गाड्या आल्या. दर श्रावणात पोलीस, मंडळे आणि साउंडवाले यांची बैठक, नोटिसा, हमीपत्रे, जप्तीचे इशारे हा क्रम ठरून गेला आहे. मंडळाच्या तरुणाला डीजे नसेल तर कावड फिकी वाटते. मार्गावरच्या दवाखान्यातल्या रुग्णाला रात्र काढायची असते. साउंडवाल्याने बँकेचा हप्ता भरायचा असतो. तिघांपैकी खोटा कोणीच नाही. पण वजन खांद्यावर असलेल्याला लय लागते आणि ती साठ वॅटच्या ढोलवाल्या माइकनेही मिळू शकते, एवढे या परंपरेचा इतिहास नक्की सांगतो.

दवंडीत ठोका शब्दासाठी होता. भोंग्याच्या काळात शब्दाला ठोक्याची गरज उरली नाही. डीजेच्या काळात ठोक्याने शब्दाची गरज संपवली. बातमी, निमंत्रण, प्रचार हे सारे मोबाईलच्या पडद्यावर गेले आणि रस्त्यावर केवळ खर्ज उरला. निवडणुकीच्या दिवसांतही प्रचाराच्या पिकअपवर आता उमेदवाराच्या भाषणापेक्षा गाणेच जास्त वाजते. रात्री दहाला निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे ते बंद होते आणि गल्लीत एकदम शांतता पसरते.

तरी बारा व्होल्टची ती जुनी तार गेलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत नगरपालिका आणि पोलिसांच्या गाड्यांनी घरात राहण्याच्या सूचना रस्त्यारस्त्यावर पुकारल्या, त्या याच तारेवर. अमरावतीच्या वस्त्यांमध्ये सकाळी घंटागाडी येते. कांदे-बटाटे विकणारी पिकअप येते, भंगारवाला येतो. डॅशबोर्डखाली हातभर लांबीचा ॲम्प्लिफायर, टपावर एक भोंगा, मेमरी कार्डात ध्वनिमुद्रित केलेली एकच हाक. बॅटरीपासून आलेली लाल तार ड्रायव्हरच्या चपलेजवळून जाते, काळी तार जवळच्या एखाद्या बोल्टला आवळलेली असते. हाक थांबते, गाडी उभी राहते, आणि वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारते, “कांदे कसे दिले जी?”